ताजं टायपिंग

परदेशी माल विकणाऱ्या जुल्फिकारनं दुबईहून आणलेला कीबोर्ड रंजिताच्या टेबलावर ठेवून जोडला, तशी त्याच्या पोटात लाल दिव्यांची रांग पेटली आणि बाकावर बसलेली दोन गिऱ्हाइकं घाबरून उभी राहिली.

"ताई, ही गेम खेळायची चीज हाय. तिकडं पोरं ह्यावर लढाया करतात," जुल्फिकार म्हणाला. "तुम्ही दिवसभर बडवता. तुमच्या हाताखाली टिकला, तर महाडात कुठंही टिकंल. वापरून बघा आणि खरं काय ते सांगा. चांगला म्हणालात, तर खोकाभर मागवतो."

तहसील कचेरीसमोरच्या रंजिताच्या टायपिंगच्या दुकानात लढाया होत नसत, प्रतिज्ञापत्रं होत. पण कीबोर्डच्या कडेला काही जादा बटणं होती. गेममध्ये एकेका बटणात बरेच वार साठवून ठेवता येतात म्हणे. रंजितानं वारांऐवजी रहिवासाचं प्रतिज्ञापत्र साठवलं. आता बटण दाबलं की अख्खा मजकूर पडद्यावर धावत येई, फक्त नाव-गाव भरायचं. रंजिता हरखली. मनातल्या मनात तिनं कीबोर्डला पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले.

पहिला आला वरंधचा श्रीपत. त्यानं नाव सांगितलं, गाव सांगितलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हकिगत सांगायला घसा खाकरला. तोवर कागद प्रिंटरमधून बाहेर!

"ह्यो कुणाचा?"

"तुमचाच, काका."

"माझा कसा? मी अजून बोललो कुठं गो?"

"मजकूर सगळ्यांचा सारखाच असतो."

"म्हंजे सकाळी दुसऱ्यासाठी केलास, त्यातला उरला तो माझ्या गळ्यात! नाय बाय. सायबानं वळखला तर?"

कागद तिथंच टाकून तो समोरच्या टपरीत गोमाजीकडे गेला. गोमाजी जुना टायपिस्ट. दोन बोटांनी टाइपरायटर ठोकायचा, मधेच चहा प्यायचा, गिऱ्हाइकाच्या आज्या-पणज्याची चौकशी करायचा. तिथून श्रीपत बऱ्याच वेळानं उठला, तो जेवून उठल्यासारखा तृप्त होऊन.

बाजाराच्या दिवसापर्यंत बातमी वरच्या वाड्यांत पोचली होती. रंजिताबाईकडं शिळे कागद मिळतात, गोमाजी ताजे करून देतो. माणसं दुकानाशी येत, लाल दिवे बघत आणि पुढं जात. रंजिता रडकुंडीला आली. असंच चाललं तर दुकानाला कुलूप लावायची पाळी होती.

मग तिनं डोकं चालवलं. कोपऱ्यात पडलेला जुना, बिघडलेला कीबोर्ड झटकून टेबलावर घेतला. त्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती. नव्यावर तिनं फडकं टाकलं. गिऱ्हाईक आलं की फडक्याखाली हात घालून बटण दाबायचं, नाव-गाव भरायचं, आणि मग जुन्यावर धडाधड बडवत सुटायचं. मधेच थांबून ती कपाळ पुसे.

"घराच्या पूर्वेला काय म्हणालात, काका?"

"उंबर हाय."

"उंबर," म्हणत ती पुन्हा तुटून पडे. प्रतिज्ञापत्रात उंबराचा उल्लेख कुठंच नसे, पण गिऱ्हाइकाचा जीव मात्र भांड्यात पडे. हळूहळू बाक पुन्हा भरलं.

जुल्फिकार आला तेव्हा रंजिताच्या मनगटाला पट्टी होती.

"ताई, कसा हाय कीबोर्ड?"

"फारच छान. त्याचं काम चुटकीसरशी होतं. माझं तेवढं दुप्पट झालंय."

"म्हंजे मागवू का नको?"

रंजिता उत्तर देणार, एवढ्यात गोमाजीच रस्ता ओलांडून आत आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"पोरी, माझी गिऱ्हाइकं तोडलीस गो. म्हणतात, गोमाजी, तू काम उरकतोस. रंजिताबाई बघ, कशी घाम गाळते! जुल्फिकार, मलापण हिच्यासारखा कीबोर्ड आण रे."

जुल्फिकार खुलला. त्यानं झटक्यात फडकं उचललं. लाल दिवे लखलखले.

"हाच ना, चाचा?"

गोमाजीनं त्या दिव्यांकडे किळसून पाहिलं. "ह्यो काय करू? ह्याच्यावर ती कधी काम करताना दिसली नाय. तो पलीकडचा. वायर लोंबतेय तो."

जुल्फिकारनं दुबईला फोन केला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो महाड ते पोलादपूर एकेक भंगारवाला पालथा घालू लागला.