निळ्या फरशीची न्हाणी

ओपल हेडलस्टनच्या छपराची पन्हाळ सुटली ती थेट शेजारच्या व्हर्लिन स्टॉकडेलच्या पिकअपच्या काचेवर. व्हर्लिन म्हणजे आधी भडकणार, मग बघणार. तसाच चिखलाच्या बुटानं ओहायोतल्या आपल्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कोर्टात गेला नि अर्ज ठोकला: शेजारचं घर माणसं मारणार.

त्यात खोटं काही नव्हतं. म्हातारी ओपल त्याच घराच्या ओसरीची फळी मोडून खाली गेलेली, खुबा मोडून लेकीकडं पडलेली.

तारखेला जज्जबाई म्हणाल्या, "घर ठीकठाक करायला कोर्ट एक माणूस नेमतं. रिसिव्हर म्हणतात त्याला. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआत झालं नाही, तर घर पाडायचं. कोण घेतंय अंगावर?"



"पाडू नका हो," चाकाच्या खुर्चीतून ओपल म्हणाली. "मला तिथंच परत जायचंय."

"मी करतो की! त्यात काय!" व्हर्लिन बोलून बसला. (ह्याचं तोंड कायम डोक्याच्या चार पावलं पुढं.)

पण केलं गड्यानं. दहा आठवडे राबला. छप्पर, जिना, ओसरी, सगळं नवं. वायरिंग परवानावाल्याकडून. कोर्टाला कामाआधीचे फोटोही लागतात. ते बायकोनं, आर्लीननं काढलेले. पुढच्या तारखेला तिनं दिलेला लिफाफा त्यानं न बघताच जज्जबाईंपुढं टाकला.

जज्जबाईंनी चष्मा वर केला. "अरे देवा! ही न्हाणी आहे?"

"मग मी काय सांगत होतो? डुकरंसुद्धा राहायची नाहीत!"

"टबावर उघडी वायर लोंबतेय. तळघराच्या जिन्याला कठडा नाही."

"आत टाका असली वायर सोडणाऱ्याला!" व्हर्लिननं टेबलावर मूठ आपटली. "घरात बाईमाणूस राहतं, लाज नाही मेल्याला!"

ओपल मान लांब करून बघत होती. "व्हर्लिन, माझ्या न्हाणीत निळी फरशी कधीच नव्हती रे."

"आपल्या घरातली आहे ती," आर्लीन म्हणाली.

व्हर्लिनची मूठ टेबलावरच राहिली.

"अठरा वर्षं सांगतेय तुला. माझं ऐकत नाहीस, जज्जबाईंचं ऐकतोस. म्हटलं, ह्यांनाच दाखवावं." तिनं पर्समधून दुसरा लिफाफा काढला. "ओपलच्या घराचे हे घ्या, बाई."

जज्जबाईंनी ते बघितले, कामानंतरचे बघितले, इन्स्पेक्टरचा कागद वाचला नि सही केली. "ओपलबाई, जा आपल्या घरी."

ओपलनं डोळे पुसले.

"आणि ह्या निळ्या फरशीला रिसिव्हर कोण?" जज्जबाईंनी विचारलं.

ओपलचाच हात वर. "मी होईन. बसून तर आहे."

"मालकाची हरकत?"

व्हर्लिन उठला, तोंड उघडलं, मघाचं स्वतःचंच बोलणं आठवलं नि खाली बसला.

"पण आर्लीन," ओपल म्हणाली, "काम करायला तुझ्या बघण्यात कुणी आहे का गं?"

"आहे एक. तोंडाळ आहे, पण काम झकास करतो. फक्त घर दुसऱ्याचं लागतं."