आठवी शिट्टी

दुसरी शिट्टी झाली तेव्हा कुकर स्वयंपाकघरात होता आणि भीमराव बाहेर गॅलरीत अडकले होते.

चूक त्यांचीच होती. गॅलरीच्या दाराची आतली, खालची कडी सैल होती. दार आपटलं की ती आपोआप भोकात पडायची. म्हणून त्यांच्या बायकोने, हिराने, दाराच्या फटीत एक फडकं घडी करून खोचलं होतं. हिराला जाऊन चार महिने झाले. फडकं मळलंय, हे भीमरावांना आज दिसलं. त्यांनी ते धुतलं आणि वाळत घालायला ते गॅलरीत आले. वारा आला, दार आपटलं, कडी पडली.

खिडकीला लोखंडी जाळी. काचेतून गॅस दिसत होता, पण हात पोचत नव्हता. हिराचा नियम तीन शिट्ट्यांचा. कुकरचा वॉल्व बदला, असं ती वर्षभर सांगत होती. भीमराव म्हणायचे, "काही होत नाही."

तिसरी शिट्टी झाली.

"सुशीलाबाई, अहो, जरा बाहेर येता?"

शेजारच्या गॅलरीत सुशीलाबाई आल्या. "काय, मीठ संपलं?"

"मी अडकलोय. आत कुकर चालू आहे. दुसरी चावी दीपालीकडे."

"ती कुठाय?"

"हिंजवडीला, ऑफिसात."

"म्हणजे संध्याकाळ झाली. तोवर थांबतोस का, म्हणून कुकरला विचारा."

पण त्यांनी फोन लावला आणि हात लांब करून भीमरावांपुढे धरला.

"बाबा, मी निघाले," दीपाली म्हणाली. "फायर ब्रिगेडलाही कळवते. तुम्ही घाबरू नका. आपलं ठरलंय ना?"

ठरलं होतं. आई गेल्यापासून दीपाली रोज फोनवर विचारायची, आज चांगलं काय घडलं? भीमरावांनी ते वहीत लिहायचं. काल त्यांनी लिहिलं होतं, 'काही नाही.'

त्याखेरीज ती आणखी एक गोष्ट रोज विचारायची. "गॅसवरचं आईचं नाव कधी बदलायचं? मृत्यूचा दाखला घेऊन एजन्सीत जावं लागेल." आणि भीमराव रोज म्हणायचे, "आहे तो सिलिंडर संपू दे." तो हिराने बुक केलेला शेवटचा सिलिंडर होता. तो संपू नये म्हणून ते एकदाच स्वयंपाक करून दोन्ही वेळा जेवत होते. चहा शेजारी पीत होते.

पाचवी शिट्टी झाली.

"आत्ता एक तरी चांगली गोष्ट सांगा, बाबा."

भीमरावांनी विचार केला. "लुंगी नेसलोय."

"फार उपकार झाले," सुशीलाबाई म्हणाल्या. "माझंही ऐक गं दीपाली. आमची भिंत यांच्या ओट्याला लागून आहे. कुकर फुटला तर यांना सोबत मिळेल."

सहावी. सातवी. आता कुकरचं झाकण थरथरत होतं. भीमराव खाली बसले आणि त्यांनी बादली डोक्यावर घेतली. आठवी शिट्टी लांबच लांब वाजली.

मग काहीच नाही.

"गेला का?" सुशीलाबाई आपल्या दारामागून म्हणाल्या.

भीमरावांनी बादली वर करून काचेतून पाहिलं. निळी ज्योत बारीक झाली, दोनदा फडफडली आणि विझली. "ज्योत विझली. आता गॅस पसरणार."

सुशीलाबाई येऊन नाक वर करून उभ्या राहिल्या. बराच वेळ. "वास येतोय का तुम्हाला?"

"नाही."

"मलाही नाही. भीमराव, सिलिंडर संपलाय तुमचा."

भीमराव बादली मांडीवर घेऊन बसून राहिले.

फायर ब्रिगेडचे लोक आणि दीपाली एकदमच पोचले. दार उघडताच दीपालीने आधी त्यांचे हात धरले. मग तिने कुकर उघडला. डाळीचं पिठलं झालं होतं.

"फोनची वाट कशाला बघायची," ती म्हणाली. "आताच सांगा. आज चांगलं काय घडलं?"

"गॅस संपला."

दीपालीने कुकरचं झाकण ओट्यावर ठेवलं.

"तुझ्या आईचा दाखला कपाटात आहे, साड्यांखाली," भीमराव म्हणाले. "उद्या एजन्सीत जाऊ. येताना वॉल्व आणू."

मग ते गॅलरीत गेले, ओलंच फडकं तारेवरून काढलं आणि घडी करून दाराच्या फटीत खोचलं.