नेवासकरने तपासलेले सैतान

आमच्या लायनीत सकाळी आधी दूध येतं, मग पेपर येतो आणि त्यानंतर नेवासकर सैतान काढतो.

"दौलतराव, या इकडे. तिसऱ्या प्रकारात काल अजून एक बारकावा सापडला," अशी त्याच्या व्हरांड्यातून हाक येते. सैतानाला मानणारे जगात किती तऱ्हेचे आणि कोणाचं म्हणणं काय, हे आमच्या भोपाळच्या पिपलानीत भाजीवाल्याला विचारा, तोही सांगेल. नेवासकरने गिलकी निवडता निवडता त्याला सगळं शिकवलंय. बिचारा "राम राम बाबूजी" म्हणतो आणि गाडी पुढे ढकलतो. त्या गडबडीत वजन करायचंही विसरतो.

मी चौथी शिकलेला माणूस. जन्मभर कारखान्यात क्रेन चालवली, आता पोरगा तिथेच लागलाय म्हणून क्वार्टर सुटलं नाही. कोणी शिकवायला आलं की मी मुद्दाम उलटं बोलतो. हा माझा स्वभाव आहे आणि तो बदलायचं मला काही कारण दिसत नाही. नेवासकर डिप्लोमावाला, इन्स्पेक्शनला होता. जॉब, म्हणजे कारखान्यात बनलेला भाग, समोर आला की मोजायचा, ठोकून बघायचा आणि कार्ड बांधायचा. हिरवं म्हणजे पास, पिवळं म्हणजे दुरुस्तीला, लाल म्हणजे भंगार. रिटायर झाला तरी कार्डं सुटली नाहीत. बायकोच्या आमटीला पिवळं, माझ्या सुनेच्या पुरणपोळीला हिरवं, मराठी मंडळाच्या नाटकाला मध्यंतरातच लाल. पण नियम एकच. "तपासल्याशिवाय लाल बांधायचं नाही, दौलतराव. तो गुन्हा आहे."

आता ह्यात सैतान कुठून आला ते सांगतो.

नेवासकरची एकुलती एक मुलगी, केतकी, अमेरिकेत असते. जावई दोन वर्षांपूर्वी वेगळा झाला. गेल्या उन्हाळ्यात तिने फोनवर एक फोटो पाठवला. माणसं हसत उभी, मधे केतकी, आणि मागे बोकडाच्या तोंडाची, पंखवाली मूर्ती. नेवासकर वहिनींनी विचारलं, "हा तिकडचा कोणता देव गं?" पोरीने खरं काय ते सांगून टाकलं, की हा सैतान, आणि मी ह्या लोकांच्या मंडळात आहे. तेव्हापासून वहिनी तिच्याशी बोलत नाहीत. रविवारी फोन वाजला की मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालायला जातात. तुळस कुजायला आली. केतकी म्हणते, "थंडीत येते, पण आईने ये म्हटलं तर." आणि आई काही ये म्हणेना.

दुसऱ्या कोणी नवऱ्याने बायकोला बसवून समजावलं असतं. पण बायकोशी सरळ बोलणं नेवासकरला कधी जमलंच नाही. त्याने इन्स्पेक्शन सुरू केलं. एम. पी. नगरातल्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन पुस्तकं मागवली, डोळ्यांत थेंब घालून घालून वाचली, आणि मला समोर खुर्चीवर बसवून बोलायला लागला. समोर बसायचो मी, पण तो बोलायचा स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. तिथे वहिनी पोळ्या लाटत असायच्या.

"पहिला प्रकार," तो खिडकीला सांगायचा. "हे सैतान आहे असं मानतच नाहीत. देव नाही, सैतान नाही, ते नुसतं चिन्ह. माणूस हाच आपला देव. खा, प्या, लाजू नका. उगीच कोणाच्या वाटेला जाऊ नका, पण कोणी आलं तर सोडू नका. आणि सगळ्यांत मोठा सण कोणता? स्वतःचा वाढदिवस!"

"मग हे आपले युनियनचे पुढारीच की," मी म्हटलं. "चौकाचौकात वाढदिवसाचे बॅनर."

"चेष्टा नको. त्या पहिल्याला पिवळं कार्ड. दुसरा प्रकार खरंच मानणारा. सैतान आहे, ध्यान लावलं की ऐकतो, वाट दाखवतो. काही म्हणतात, हा ज्ञान देणारा जुना देव, दुसऱ्यांनी बदनाम केला."

"म्हणजे म्हसोबा. गावात त्याला घाबरतातही आणि नवसही बोलतात."

"म्हसोबाला मधे आणू नका हो. ह्यांच्यात दहा माणसं, दहा मतं. तपास चालू आहे."

"आणि बाळं कापणारे?" मी विचारलं. खिडकीत लाटणं थांबलं होतं.

"तशी तिकडे फार बोंब झाली होती. लोकांवर खटले झाले. तपास केला तर तसा पंथ कुठे निघालाच नाही. काळे कपडे घालून भिंती रंगवणारी पोरं असतात, ती आईबापाला चिडवायला. हां, खून करा, नासधूस करा म्हणणारी एकदोन टोळकी खरोखर आहेत. त्यांना लाल. डबल लाल!"

"आणि आपल्या केतकीचे?"

इथे नेवासकरचा आवाज चढायचा. "तिसरा प्रकार! ह्यांचाही सैतानावर विश्वास नाही. त्यांच्या लेखी तो गोष्टीतला. जुलमी मालकाला नाही म्हणणारा. दया करा, डोकं वापरा, आपलं शरीर आपलं, चूक झाली तर कबूल करून सुधारा. सरकारी जागेत एकाच धर्माच्या आज्ञा कोरलेली शिळा बसली की हे कोर्टात जातात. म्हणतात, आमचा बोकडही बसवा, नाहीतर कोणाचंच काही नको."

"म्हणजे पोरगी युनियनमध्येच गेली!"

आत परात आपटली. नेवासकर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ऐकतेय."

हुरूप वाढला म्हणून त्याने मंडळाच्या गणपतीतही पंधरा मिनिटं मागून घेतली. सेक्रेटरीला म्हणाला, धर्मांवर बोलतो. बोलला तो ह्यावरच. पिंगळे काकूंनी पहिल्या रांगेतून हात वर केला.

"नैवेद्य काय असतो हो त्यांच्यात?"

"तिसऱ्या प्रकारात काही नाही. मानतच नाहीत, तर दाखवणार कोणाला?"

"आणि उपास?"

"नाही."

"मग सणाला बायका करतात तरी काय?"

"रस्त्यावरचा कचरा उचलतात."

"सोवळं नाही, उपास नाही, पुरण वाटायचं नाही," काकू शेजारणीला म्हणाल्या, "चांगलं आहे की!"

हॉल हसला. सेक्रेटरीने माइक काढून घेतला आणि आरती सुरू केली. मागच्या रांगेत वहिनी होत्या. त्या उठल्या आणि प्रसाद न घेता घरी गेल्या. नेवासकरने टाळ्या वाजवता वाजवता ते पाहिलं.

पुढच्या रविवारी मी व्हरांड्यात जाऊन बसलो, तर तो परत पहिल्या प्रकारापासून. तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. हाताला कणीक तशीच.

"पुरे," त्या म्हणाल्या. "तुमचे सगळे प्रकार मला पाठ झालेत. एवढंच सांगा, ती त्यांच्यात का गेली?"

नेवासकर हळूच म्हणाला, "मी विचारलं नाही."

"एवढी पुस्तकं वाचलीत, अन् पोरीला विचारलं नाहीत?"

"विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं ना." तो फरशीकडे बघत होता. "ती म्हणाली असती, बाबा, घर रिकामं होतं आणि तुम्ही दोघं फोनवर हवापाणी विचारायचात. मग मी काय करणार होतो? म्हणून वाचत बसलो."

मी उठायला हवं होतं, पण बसून राहिलो. आणि आत फोन वाजला.

वहिनी अंगणात गेल्या नाहीत. आत गेल्या. आम्हाला त्यांचंच बोलणं ऐकू येत होतं.

"हं. मी बोलतेय... रडू नकोस आधी. एक विचारते, खरं सांग. तो गेल्यावर तुझ्याकडे येत कोण होतं?... हीच माणसं?... आजारी होतीस? कधी?... डबा आणायचे? रोज?..." मग एकदम खाकरून, "त्यांना म्हणावं, केतकीच्या आईने नमस्कार सांगितलाय."

नेवासकर खुर्चीची दांडी घट्ट धरून बसला होता. कान त्याचे माझ्यापेक्षा चांगले. तरी मलाच म्हणाला, "दौलतराव, काय म्हणतेय ती?"

मी कान दिला. "विचारतायत, विमान भोपाळपर्यंत येतं, की दिल्लीला उतरून गाडीने येणार."

तो उठला, पुढच्या अंगणात गेला, स्कूटरवरची चादर काढली आणि फडक्याने मागची सीट पुसायला लागला. थंडीला अजून अवकाश होता. परदेशातून येणारी पोरगी बॅगांसकट स्कूटरवर कशी बसवणार, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सीट चकाचक झाली तरी तो पुसतच होता. मी फाटक ओढून घेतलं आणि घरी आलो.