दर रविवारी दुकान बंद

एक गोष्ट छाती ठोकून सांगतो. मी केलेली वेबसाइट कुठल्याही पडद्यावर नीट दिसते! मनगटावरच्या घड्याळापासून भिंतभर टीव्हीपर्यंत कुठेही उघडा. पडदा लहान असला की मजकूर अंग चोरून बसतो, मोठा असला की ऐसपैस पाय पसरतो.

म्हणून तर सासऱ्यांच्या चष्म्याच्या दुकानाची साइट मी हौसेने अंगावर घेतली. दुकान पस्तीस वर्षांचं, पण समोर एक चकचकीत दुकान उघडलं आणि गिऱ्हाईक रोडावलं. सासरे दिवसभर त्याच त्या फ्रेमा पुसत बसायचे. मला बघवेना.

"बाबा, काळजी सोडा! साइट झाली की रांग लागेल रांग!"

"बघा बुवा, जावईबापू," ते म्हणाले आणि पुन्हा पुसायला लागले.

साइट झाली. घरातले सगळे फोन, बायकोचा टॅब, शेजाऱ्यांचा टीव्ही, सगळीकडे तपासली. फक्कड! सोमवारी सकाळी दुकानाच्या वहीतल्या सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना धाडून दिली आणि चहा घेत बसलो.

अकरा वाजता बायकोचा दुकानातून फोन. "असशील तसा ये! इथे लोक रडतायत!"

धावत गेलो. दुकानात मुंगी शिरायला जागा नाही! एक निवृत्त मुख्याध्यापिका सासऱ्यांचा हात धरून डोळे पुसत होत्या. "अहो, असं कसं बंद केलंत? आम्ही आता जायचं कुठे?"

"माझा चष्मा दुरुस्तीला दिलाय, तेवढा तरी द्या!" मागून एक शिंपीकाका ओरडत होते.

"तब्येतीचंच काहीतरी असणार," कोपऱ्यात कुजबुज चालली होती. एकाने तर फुलं आणली होती! कशासाठी, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

"अहो, दुकान बंद झालं असं सांगितलं कोणी तुम्हाला?" मी विचारलं.

"तुम्हीच की!" बाईंनी फोन माझ्या नाकासमोर धरला.

पाहतो तर एकेक अक्षर बोराएवढं! आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चष्म्याच्या दुकानाची गिऱ्हाइकं ती! सगळ्यांनी फोनवरची अक्षरं होतील तेवढी मोठी करून ठेवलेली. मी वरती लिहिलं होतं, 'दर रविवारी दुकान बंद'. एवढी मोठी अक्षरं एका ओळीत मावेनात, म्हणून ओळ तुटली. 'दर रविवारी' दुकानाच्या नावाच्या पट्टीखाली जाऊन दडलं आणि पडदाभर उरलं, 'दुकान बंद'! जगातले सगळे पडदे तपासले, पण ते बघणारे डोळे कसले आहेत हेच मी विसरलो होतो.

"फक्त रविवारी हो! आज उघडंच आहे!" मी कळवळून ओरडलो.

मग शिंपीकाका म्हणाले, "बरं, आता आलोच आहोत तर डोळे तपासून घेऊ."

दुपारी तीनपर्यंत तपासणीची खुर्ची रिकामी झाली नाही. शेवटचं माणूस गेल्यावर सासऱ्यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. आता आपली धडगत नाही! मी आधीच हात जोडले.

"बाबा, चुकलंच माझं."

"ते राहू द्या. तुम्हाला सांगितलं कोणी?"

"काय?"

"महिनाअखेरीला दुकान बंद करायचं ठरवलं होतं मी. पोरीलासुद्धा बोललो नव्हतो. बाईंच्या फोनवर वाचलं आणि म्हटलं, जावयांना कळलं कसं?"

"आणि आता, बाबा?"

"आता कसलं बंद करतोय! सकाळपासून पन्नास जणांना शपथेवर सांगितलंय, दुकान चालू आहे म्हणून. त्यांना परत कोण समजावत बसणार?" ते हसले आणि स्वतःचाच चष्मा काढून पुसू लागले. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू!

मी गंभीरपणे मान डोलावली, जणू हे सगळं मी ठरवूनच केलं होतं.

बायको दारात उभी राहून ऐकत होती. तिने पदराला डोळे पुसले, बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मान कसली डोलावतोस? ठरवून केलेलं काही जमलंय का तुला आजवर?"