ग्यानबामामाला शिवी हवी आहे

लोक दुसऱ्याच्या दारात चहा प्यायला जातात, आमचा ग्यानबामामा शिव्या खायला जातो. "द्या की एक सणसणीत! काहून लाजून राहिले?" म्हणत कुणाच्याही ओट्यावर बसतो. माझ्या किराणा दुकानातही येतो. एकदा वैतागून मी म्हटलं, "मामा, म्हातारचळ लागलाय तुमाला!" तर नाक मुरडून म्हणाला, "यात काही दम न्हाई, बापू."

झालं असं. गेल्या उन्हाळ्यात मामानं शेताचा धुरा पेटवला. आमच्या सेनगावकडं सगळेच पेटवतात. बांधावरचं वाळलं गवत कापायला कंबर कोण मोडून घेतो? वारं सुटलं, आग डोंगरावर चढली आणि डोंगर बोडका झाला. आषाढात पाऊस कोसळला तेव्हा पाणी धरायला वर काडी नव्हती. राख-चिखल घेऊन ओढा गावात शिरला. सुभद्रामावशीची भिंत पडली आणि तिचा नवरा त्या भिंतीखाली गेला.

मामानं भर पारावर सांगितलं, "आग माझी हाय." गाव म्हणालं, "जाऊ दे गा, होतं असं." दुसरं काय म्हणणार हो? मामाला शिवी दिली असती तर प्रत्येकाला आपापला धुरा आठवला असता! याला माफी म्हणत नाहीत, चलाखी म्हणतात.

पुढे पुढारी आले. "गाव पुन्हा उभं राहिलं" म्हणून टाळ्या झाल्या. कसलं डोंबलाचं उभं राहिलं! मावशीचं घर मामानं दगड वाहून बांधलं. डोंगरावर पाणी अडवायचे चर खोदायला पहिल्या दिवशी अख्खं गाव होतं, फोटो निघाल्यावर मामा एकटा. यंदा पुन्हा धुरे पेटले. मामा कडुनिंबाचा डहाळा घेऊन ज्याच्या त्याच्या बांधावर आग झोडपत पळत होता आणि लोक खदाखदा हसत होते. माझ्या तर मस्तकात तिडीक गेली.

पण मामाला खरी शिवी हवी होती ती मावशीची. रोज सकाळी तिचं पाणी भरतो आणि दारात बसतो.

"वहिनी, आज तरी बोला."

"चहा घ्या, भावजी."

मान खाली घालून पितो आणि माझ्या दुकानात येऊन चडफडतो, "त्या बाईच्या तोंडात जीभ हाय का न्हाई, बापू? तिनं एकदा बोलावं, मंग मी मोकळा."

परवा मी मावशीकडं तेल-मीठ पोचवायला गेलो. मामा नुकताच उठून गेला होता. राहवलं नाही मला. म्हटलं, "मावशी, देऊन टाका ना त्याला एक शिवी. सुटंल बिचारा."

मावशी मामाची कपबशी विसळत होती.

"मह्याकडं शिव्या न्हाईत व्हय, बापू? पोटभर हायेत. रातभर देत राहते मनातल्या मनात." कपबशी तिनं पालथी घातली. "पण तोंडावर दिली की त्यो सुटला. उद्यापासून येणार न्हाई. मंग या घरात कोण येतंय?"