एवारिश्तुने पुरलेल्या बाटल्या

पाहुणे सूप पीत होते तेव्हा एवारिश्तु तळघरात खणत होता. तळलेली सॉसेजं आली तेव्हाही तो खणतच होता, आणि टेबलावर वाइनचा पत्ता नव्हता. तळघरात बाटल्या नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण कुठून तरी सुरुवात करायला हवी होती.

आमच्या या डोंगरातल्या गावात वाइन जमिनीत पुरतात. कोणे एके काळी फ्रेंच सैन्य लुटालूट करत आलं, तेव्हा घाबरून लोकांनी बाटल्या पुरल्या. सैन्य गेल्यावर उकरून पाहिल्या, तर चव सुधारलेली. आता लुटायला कोणी येत नाही, उलट गावातले तरुणच फ्रान्सला जातात, पण पुरायची पद्धत राहिली. जो तो आपल्या तळघरात पुरतो, आणि कोणी कुठे पुरली हे सगळ्या गावाला माहीत असतं.

एवारिश्तुला नेमकं हेच नको होतं. त्याची बायको देओलिंदा त्यांच्या खानावळीचं स्वयंपाकघर सांभाळते, आणि करडाचं मटण मुरवायला हाती येईल ती बाटली ओतते. गेल्या वर्षी तिने त्याची सगळ्यात चांगली वाइन अशी मटणात घातली. मटण सुरेख झालं होतं, पण एवारिश्तुने ते रडवेल्या चेहऱ्याने खाल्लं. म्हणून या खेपेला ती बाजाराला गेली असताना त्याने बाटल्या तळघराबाहेर, भलत्याच जागी पुरल्या. पुरण्याआधी मागच्या वर्षीची वाइन चाखून बघायची असते. त्याने ती जरा मनापासून चाखली. जागा सावलीची होती, एवढंच त्याच्या लक्षात राहिलं.

एरवी यात रडण्यासारखं काही नव्हतं. पण आज आलेला पाहुणा, रूलफ नावाचा हॉलंडचा उंच म्हातारा, प्रवाशांची बस फिरवत असे. बायको विल्मासह तो आधी स्वतः जेवून बघणार, आवडलं तर दर शरदात बस इथे थांबणार. गावात या पुरलेल्या वाइनसाठीच तो आला होता. आणि देओलिंदाने नवऱ्याला बजावून ठेवलं होतं, की बस थांबली नाही तर खानावळीला कुलूप लावायचं आणि फ्रान्सला, लियों शहरात तिच्या बहिणीकडे राहायला जायचं. एवारिश्तुला लियोंचा विचारसुद्धा सहन होत नव्हता. तिथे चौथ्या मजल्यावर राहायचं आणि खिडकीतून दुसऱ्यांच्या खिडक्या बघायच्या.

तळघर झालं. मग त्याने अंजिराच्या झाडाखाली खणलं, कारण तिथे सावली होती. मग धान्याच्या कोठीखाली, कारण तिथेही होती. शेजारचा बेल्मिरु कुंपणाच्या भिंतीवर कोपरं टेकून बघत होता.

"नळ फुटला काय रे?"

"नाही."

"मग कोणाला पुरतोयस?"

"पुरत नाहीये, शोधतोय. बघत काय उभा राहिलास, कुदळ घेऊन ये."

बेल्मिरु आला, पण हातात कुदळ कमी आणि सल्ला जास्त. दारू पुरणारा माणूस वाऱ्याकडे पाठ करून उभा राहतो, त्यामुळे बाटल्या कोबीच्या वाफ्यातच असणार, असं त्याने ठामपणे सांगितलं. इथे सूपमध्ये घालतात तो झाडासारखा उंच वाढणारा कोबी देओलिंदाने पोटच्या पोरासारखा वाढवला होता. दोघांनी मिळून तो मुळासकट उपटला. खाली गांडुळं निघाली.

आत देओलिंदा जेवण लांबवत होती. नवऱ्याचा काहीतरी घोळ झालाय हे तिला दिसत होतंच. तिने चण्यांबरोबर शिजवलेला कॉड मासा वाढला. मग करडाचं मटण. मग, वेळ काढायचा म्हणून, पुन्हा मासा. रूलफने पट्टा सैल केला. इथली माणसं जेवताना पाणीच पितात का, असं विल्माने फार अदबीने विचारलं. वाइन येतेच आहे, असं सांगून देओलिंदाने तिच्यासमोर भाजलेले चेस्टनट ठेवले.

इतक्यात बेल्मिरुने खुराड्याचा खांब हलवून पाहिला आणि खुराडं आडवं झालं. कोंबड्या सैरावैरा धावत थेट जेवणाच्या खोलीत घुसल्या. त्यांच्यामागे एवारिश्तु, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला, हातात कुदळ. एक कोंबडी चीजवर जाऊन बसली. रूलफने गळ्यातला रुमाल काढला आणि शांतपणे विचारलं, "सेन्योर एवारिश्तु, काही मदत करू का?"

थाप मारण्याइतका दम एवारिश्तुमध्ये उरला नव्हता. त्याने खुर्ची ओढली, कुदळ मांडीवर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. बाटल्या आहेत. चांगल्या आहेत. कुठे पुरल्या ते आठवत नाही.

"तुम्ही बस आणू नका," तो म्हणाला. "चूक माझी आहे. देओलिंदा चाळीस वर्षं या चुलीपुढे उभी आहे. हिला बहिणीची आठवण येते, मी ऐकून न ऐकल्यासारखं करत आलो. आता जाऊ आम्ही लियोंला. बॅगा मी उचलीन."

खोलीत कोंबड्यांशिवाय कोणी हललं नाही. देओलिंदाने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या कानातसुद्धा माती गेली होती. तिचा राग होता तो कुठल्या कुठे गेला, आणि तिला त्याची फार, फार माया वाटली. तिने एप्रनला हात पुसले, त्याच्या मांडीवरची कुदळ उचलली आणि परसात गेली. विहिरीमागे, कपडे धुवायच्या दगडाशेजारी तिने दोनतीन घाव घातले. काच वाजली.

मागोमाग आलेला एवारिश्तु तोंड उघडं टाकून उभा होता. "तुला माहीत होतं?"

"बस चुकल्यामुळे त्या दिवशी बाजाराला गेलेच नाही मी. खिडकीत होते. गाणं म्हणत पुरत होतास."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बेल्मिरुला विचारलंस. कोंबड्यांना विचारलंस. मला विचारलंस का?"

एवारिश्तु कानातली माती काढायला लागला. बेल्मिरुने मात्र मान डोलावली, जसं काही हे तो सकाळपासून सांगत होता.

वाइन बरी होती, नावं ठेवावीत अशी नव्हती, आणि वाखाणावी अशीही नव्हती. पण तोवर ते पाहुणे इतके तहानलेले होते, की त्यांना ती अमृतासारखी लागली. दुसऱ्या बाटलीनंतर विल्माने स्वतः कुदळ मागितली आणि उरलेल्या बाटल्या उकरून काढल्या. तिच्या पांढऱ्या बुटांची वाट लागली, आणि इतकी खूश ती अख्ख्या प्रवासात झाली नव्हती, असं रूलफ म्हणाला. बस येईल, पण एका अटीवर. प्रवाशांना आपली बाटली आपण खणून काढू द्यायची.

आता दर शरदात बस येते. बाटल्या पुरायचं काम देओलिंदाने स्वतःकडे घेतलंय. नेमकी जागा ती कोणालाच सांगत नाही, फक्त वरच्या शेताकडे बोट दाखवते, आणि हॉलंडची सुखवस्तू माणसं संध्याकाळपर्यंत ते शेत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उकरतात. बटाटे लावायला एवारिश्तुला नांगर धरावा लागत नाही. कोबीही आता पुन्हा वाढलाय.

बहिणीचा लियोंहून फोन येतो, कधी येताय म्हणून. देओलिंदा म्हणते, येऊ गं, पण अजून खालचं शेत राहिलंय.