तात्यांचा विरोध लिहून घ्या

आमच्या गावात माणसं भेटली की राम राम म्हणतात. सोपानतात्या म्हणायचे, "माझा विरोध लिवून घ्या." विरोध कशाला, ते मग नंतर ठरायचं.

मी गावच्या दूध संस्थेचा सचिव, त्यामुळं लिहून घेण्याचं काम माझ्याच कपाळी. सभा संपली की लोक चहाकडं जायचे आणि तात्या माझ्याकडं यायचे. कपाळावरचा चष्मा खाली ओढून इतिवृत्ताच्या वहीत बोट फिरवत आपलं नाव शोधायचे. 'सभागृहात पंखा बसवणे. सोपानतात्या यांचा विरोध.' एवढं दिसलं की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. पंख्यानं तुमचं काय घोडं मारलं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "सभेच्या टायमाला लाईट असती का?" लाईट नसायचीच.

माझ्या पुतणीच्या साखरपुड्यात लग्नाचा मुहूर्त निघाला, साडेबाराचा. मागून आवाज आला, "साडेबाराला माझा विरोध हाय. उन्हाचं वऱ्हाड कुठं बसवनार?" व्याही घाबरले. मी त्यांना म्हटलं, घाबरू नका, लिहून घेतलं की ते गप बसतात. आणि बसलेही. वर दोन बुंदीचे लाडू जास्तीचे खाल्ले, त्याला मात्र विरोध नव्हता.

तात्या राहायचे गावाबाहेर, मळ्यातल्या वस्तीवर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. लेक आणि सून दसऱ्यानंतर कोयता घेऊन कर्नाटकात ऊसतोडीला जायची, ती पार पाडव्याच्या सुमाराला परत यायची. मधल्या दिवसांत तात्या आणि त्यांची म्हैस. सकाळी दूध घालायला म्हणून डेअरीवर आले की दिवसभर पारावर बसायचे आणि दिवस कलला की गुडघ्यावर हात टेकून म्हणायचे, "उठतो आता. म्हैस वाट बघती." गप्पा कितीही रंगात आलेल्या असोत, यानंतर त्यांना कुणी थांबवत नसे.

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. दिवाळीतच विहिरींचे तळ दिसले आणि कडबा सोन्याच्या भावानं जायला लागला. संस्थेनं स्वतःच्या हिमतीवर सभासदांच्या जनावरांसाठी चारा छावणी उघडली. माळावर पाचटाचे मांडव घातले, पाण्याला टँकर लावला. जनावराच्या कानात बिल्ला मारायचा आणि मालकानं किंवा त्याच्या माणसानं तिथंच जनावरापाशी राहायचं, असा नेम. माणसांनी तिथंच चुली मांडल्या, संध्याकाळी भजनं सुरू झाली. खरं सांगतो, दुष्काळात गावापेक्षा छावणीच जास्त जागती होती.

पण आमचे अध्यक्ष आबा. त्यांनी फतवा काढला की छावणीत फक्त दुभती जनावरं घ्यायची. जी म्हैस डेअरीला दूध घालते तिलाच चारा, भाकड जनावराला मनाई. तात्यांची म्हैस तेव्हा नुकतीच आटली होती. निम्म्या गावाच्या म्हशी आटल्या होत्या. तात्या म्हणाले, "आवो आबा, दुष्काळ हाय म्हनून तर आटली ती. उपाशी हाय म्हनून जेवू घालायचं न्हाई, ह्यो कुठला न्याय?" आबा म्हणाले, "संस्था धर्मशाळा नाही." हे वाक्य त्यांना लई महागात पडलं. गाव इतकं बिथरलं की अध्यक्षपदाची निवडणूक आली तेव्हा आबांनी तब्येतीचं कारण काढलं आणि आपले उपाध्यक्ष नाना यांना पुढं केलं.

नाना माणूस गरीब. खोड एकच, कुणी काही विचारलं की उत्तर द्यायच्या आधी आबांकडं बघायचं. चहा घेणार का विचारलं तरी आधी तिकडंच बघणार. त्यांच्या प्रचाराचं वाक्य होतं, "आबांचंच काम पुढं नेऊ." समोर उमेदवार कुणी नव्हता. पण तात्या होते ना.

तात्यांनी पारावर ठाण मांडलं. "आबांचंच काम न्यायचं तर आबाच ऱ्हाऊ द्या की. निदान त्येंची सवय तरी झालीया." कुणी म्हणे, नाना नवे आहेत, संधी द्या. तात्या म्हणत, "घोंगडं उलटं पांगरलं म्हनून नवं होतं का?" मग नानांचं पत्रक निघालं. तालुक्याला, केजच्या छापखान्यात आबांचं जुनं पत्रक दिलं होतं आणि नाव नि फोटो तेवढा बदला म्हणून सांगितलं होतं. तात्यांनी ते पारावर मोठ्यांदा वाचलं. शेवटी ओळ होती, 'माझ्या मातोश्री गोदावरीबाई यांच्या आशीर्वादाने.' गोदावरीबाई आबांच्या आई. नानांच्या आईचं नाव सरूबाई, आणि त्या पाराशेजारच्याच घरात ज्वारी निवडत बसलेल्या.

तात्यांनी चष्मा वर केला. "धोरन आबाचं घेतलं, ते घेतलं. नाना, आई बी आबाचीच घेतली का?"

पार हसून लोळला. सरूबाईंनी दोन दिवस लेकाशी अबोला धरला म्हणतात.

असे तीन आठवडे गेले. तात्या सकाळी यायचे, नानांना विरोध करायचे, दिवस कलला की "म्हैस वाट बघती" म्हणून उठायचे. संक्रांत झाली आणि सभा आली. आमच्याकडं अध्यक्ष हात वर करून निवडायची जुनी पद्धत. मी नानांचं नाव वाचलं आणि तात्या उभे राहिले.

"एकच सवाल हाय. भाकड जनावर छावनीत घेनार का न्हाई?"

नानांनी सवयीनं आबांकडं बघितलं.

"तिकडं बघू नगा," तात्या शांतपणे म्हणाले. "तिकडचं उत्तर आमाला म्हाईत हाय. तुमचं सांगा."

नानांनी घाम पुसला, पायाकडं बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आबांना न विचारता बोलले, "घेऊ." आबा उठून गेले. सगळे हात वर झाले, एक सोडून.

"तात्या, आता कसला विरोध?" मी वैतागलोच.

"घेऊ म्हनला त्यो. घेतलं न्हाई अजून. लिवा."

लिहिलं.

दुसऱ्या दिवशी छावणीच्या फाटकाशी भाकड म्हशींची ही रांग लागली. मी नावं लिहीत होतो, नवे अध्यक्ष नाना शेजारी उभे. दुपारी तात्या आले. काखेत वाकळ, हातात तांब्या, खांद्यावर दावं.

"या तात्या. म्हैस कुठं बांधली?"

तात्यांनी काखेतली वाकळ सावरली.

"न्हाई ती," ते म्हणाले. "महिना झाला जाऊन. चाराच नव्हता. पोटात काय न्हाई तर किती दिस दम धरनार मुकं जनावर?"

महिना झाला म्हणजे पत्रकाच्याही आधी. "मग इतके दिवस भांडलात कशाला?"

"दुसऱ्यांच्या होत्या की जित्या."

"आणि रोज दिवस कलला की उठत होता ते? म्हैस वाट बघती म्हणून?"

तात्यांनी दावं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "कुनी वाट बघतंय म्हनलं की उठाया बरं पडतं. न्हाईतर लोकं उठून जात्यात आन् आपुन एकलेच ऱ्हातो पारावर." मग मांडवांकडं बघत म्हणाले, "म्हनलं हितं मानसं हायती. पन जनावराबिगर मानूस घेत न्हाईत, त्यो नेम मला ठावं हाय. येक डाव बघून जावं म्हनलं."

नेमाला विरोध न करता तात्या मागं वळले. वीस वर्षं या माणसाचे विरोध लिहिले, त्याच्या वस्तीवर एकदा गेलो नाही.

"तात्या, थांबा," नाना म्हणाले. आबा तिथं नव्हतेच, त्यामुळं बघायला कुणीकडं नव्हतं. "माझी बी एक म्हैस आटलीया. गडी गेला उसाला. तिच्यापाशी मानूस पायजे. ऱ्हाता का?"

तात्यांनी वाकळ खाली ठेवली. "ऱ्हातो. पन तुमाला माझा विरोध हाय, त्यो ऱ्हानार."

"ऱ्हाऊ द्या की," नाना म्हणाले.

मी लिहिलं. जनावर नानांचं, माणूस सोपानतात्या.

चार दिवसांनी दिवस कलताना छावणीत गेलो. चुलीभोवती आठ-दहा जण बसले होते आणि मधे तात्या. टँकर उशिरा येतो, याला आपला विरोध आहे आणि अध्यक्ष झोपा काढतात, असं सांगत होते. बोलता बोलता गुडघ्यावर हात टेकले.

"उठतो आता. म्हैस वाट बघती."

मांडवाखाली नानांची म्हैस दाव्याला ताण देऊन, मान वळवून त्यांच्याकडंच बघत उभी होती.